मांजराला एफआयपी झालाय, डॉक्टर म्हणतात उपाय नाही. खरंच नाही का?

तुम्ही लिहिलंय की चौदा महिन्यांच्या बोक्याचं पोट फुगलंय, ताप उतरत नाही, कोरोनाव्हायरसची टेस्ट पॉझिटिव्ह आलीय आणि डॉक्टरांनी हात टेकलेत.

उपाय आहे. एफआयपी म्हणजे फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस, कोरोनाव्हायरसमुळे होणारा मांजरांचा जीवघेणा रोग. 2016 मध्ये माझ्या मांजरीला हेच झालं तेव्हा मात्र खरंच नव्हता. पोटातलं पाणी काढायचं, स्टेरॉइड द्यायचं आणि वाट बघायची. अकराव्या दिवशी ती गेली. तेव्हापासून या रोगाबद्दल हाती लागेल ते वाचत आलेय. डॉक्टर नाही मी, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी ती टेस्ट. निव्वळ अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे एफआयपी नव्हे. मांजरांचा हा कोरोनाव्हायरस आतड्यात राहतो, शीतून पसरतो आणि जिथे बरीच मांजरं एकत्र असतात तिथे बहुतेकांना होऊन जातो. जास्तीत जास्त काय, चार दिवस जुलाब. पण थोड्या मांजरांत, फार तर दहात एक, तोच विषाणू शरीरातल्या शरीरात बदलतो आणि मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. संरक्षणाला ठेवलेल्या पेशीच मग त्याला अंगभर फिरवतात. रक्तवाहिन्या सुजतात, पिवळसर चिकट पाणी पोटात किंवा छातीत झिरपतं. दोन वर्षांच्या आतली मांजरं यात जास्त सापडतात. पाणी साठलेलं असेल तर निदान त्यातल्या त्यात सोपं: त्या पाण्याची पीसीआर करून घ्या, रक्तातल्या अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या दोन प्रथिनांचं एकमेकांशी प्रमाण बघा (0.4 च्या खाली असेल तर संशय दाट, 0.8 च्या वर असेल तर शक्यता कमी). रिव्हाल्टा नावाची एक जुनी चाचणी तर क्लिनिकच्या टेबलावर होते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये तीव्र ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब टाकायचा, वर पोटातल्या पाण्याचा एक थेंब. थेंब विरघळला तर एफआयपी नसण्याचीच शक्यता जास्त. जेलीसारखा लोंबत राहिला तर संशय वाढतो, पण जंतुसंसर्गातही तो तसा राहू शकतो.

आता संशोधन. या रोगाची पहिली नोंद 1963 ची, बॉस्टनची. त्यानंतर पन्नासेक वर्षं हाती फारसं लागलं नाही. 1991 मध्ये नाकात टाकायची लस आली, पण ती द्यावी असं तज्ज्ञ सहसा सांगत नाहीत. कलाटणी मिळाली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले पशुवैद्यक संशोधक नील्स पेडरसन यांच्यामुळे. त्यांनी गिलियड कंपनीचा जीएस-441524 हा रेणू एफआयपीच्या 31 मांजरांना टोचला आणि 2019 मध्ये निष्कर्ष छापले. चार मांजरं पहिल्या पाच दिवसांतच गेली, पाचवं 26 दिवसांनी. 26 जणींनी बारा आठवड्यांचा कोर्स पुरा केला, काहींचा आजार उलटला, त्यांना पुन्हा औषध दिलं, आणि शेवटी 25 मांजरं एफआयपीतून वाचली (त्यातलं एक पुढे हृदयविकाराने गेलं). ज्या रोगात जवळजवळ सगळीच मरत होती, त्यात.

आणि तरी औषध बाजारात आलं नाही. रेमडेसिविर हे याच रेणूचं भावंड, शरीरात गेल्यावर त्यातून हाच रेणू तयार होतो. मांजरांवर काही विपरीत दिसलं तर माणसांसाठीच्या मंजुरीत ते आडवं येईल, या धास्तीने कंपनीने प्राण्यांसाठी परवाना दिला नाही असं सांगितलं जातं. मग चीनमधून बिननावाच्या बाटल्या येऊ लागल्या आणि जगभरची मांजरवेडी माणसं स्वयंपाकघरात बसून इंजेक्शनं देऊ लागली. 2021 च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे रेमडेसिविरसाठी रांगा लागल्या, काळाबाजार झाला, तेव्हा मला सारखं हेच आठवत होतं.

पुढे दारं उघडली. ब्रिटनमध्ये 2021 पासून आणि अमेरिकेत जून 2024 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे औषध बनवून मिळतं. सायप्रसमध्ये 2023 साली मांजरांच्या आणि कुत्र्यांच्या कोरोनाव्हायरसची सरमिसळ होऊन नवा प्रकार उपजला आणि नेहमीच्या एफआयपीसारखा न वागता मांजरातून मांजरात पसरला. तिथल्या सरकारने माणसांच्या कोविडसाठी ठेवलेल्या मोल्नुपिराविरच्या गोळ्या मांजरांना द्यायला परवानगी दिली. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो म्युनिकचा 2024 चा अभ्यास: पाणी साठलेल्या 40 मांजरांत जीएस-441524 चा 42 दिवसांचा कोर्स 84 दिवसांइतकाच परिणामकारक ठरला. खर्च आणि मांजराचे हाल, दोन्ही निम्मे.

तेव्हा उद्याच डॉक्टरांशी जीएस-441524, रेमडेसिविर आणि मोल्नुपिराविर ही तिन्ही नावं घेऊन बोला. त्यांना अनुभव नसेल तर ज्यांना आहे अशा डॉक्टरांकडे जा, पण दिवस घालवू नका. डोस मी इथे मुद्दाम लिहीत नाही. डोळ्यांत किंवा मेंदूत रोग गेला असेल तर डोस बराच वाढवावा लागतो. औषध लागू पडलं तर दोनचार दिवसांत ताप उतरतो, बोका वाटीकडे स्वतःहून जातो. वजन मात्र दर आठवड्याला करा. बरं होणारं मांजर भराभर भरतं आणि जुन्याच वजनाचा डोस चालू राहिला तर औषध कमी पडतं, रोग उलटतो.

घरातल्या दुसऱ्या मांजरीचं विचारलंय. साध्या एफआयपीत तिला वेगळं कोंडायची गरज नसते, आतड्यातला विषाणू तिला बहुधा आधीच मिळालेला असतो. लिटरचे ट्रे वेगळे ठेवा, रोज साफ करा. माणसांना हा रोग होत नाही.