वाक्प्रचारांची यादी पाठ करण्याआधी पाहुण्याचा देश पाहावा

प्राथमिक शिक्षण डिचोलीत मराठीतून झाले, आता कळंगुटच्या हॉटेलात आरक्षण विभागात आहात, आणि पाहुण्यांच्या पत्रांतील इंग्रजी वाक्प्रचार व फ्रेंच शब्द अडतात म्हणून त्यांची यादी पाठ करायला घेतली आहे, असे आपण लिहिले आहे. त्या यादीबद्दलच मला सांगायचे आहे. ‘अंडर द वेदर’ म्हणजे प्रकृती बरी नसणे, हे कोणत्याही कोशात सापडते.

मी पणजीतील एका हॉटेलच्या मेजवानी विभागात असताना प्रशिक्षण कार्यालयाने अशीच यादी वाटली होती. तीत ‘टेबल’ या क्रियापदाचा अर्थ ‘विषय चर्चेला मांडणे’ एवढाच दिला होता. ब्रिटनमध्ये तो बरोबर आहे; अमेरिकेत मात्र नेमका उलट, म्हणजे विषय तूर्त बाजूला ठेवणे. एका अमेरिकन पाहुण्याने लग्नाच्या जेवणाबाबत ‘लेट्स टेबल द मेन्यू’ असे कळवले, तेव्हा मला त्यांना पुन्हा विचारू द्या, असे मी लेखी सुचवले. अर्थ यादीत दिलेला आहे, पाहुण्याला त्रास देऊ नये, असे वरून उत्तर आले. त्यानंतर मेन्यूचा प्रस्ताव पाठवून, उत्तर येत नाही म्हणजे संमती आहे असे धरून, विसवण (सुरमई) आणि सुंगटांची (कोळंबीची) आगाऊ रक्कमही भरली गेली. पुढे पाहुण्यांनी संपूर्ण शाकाहारी जेवण ठरवले, आणि खुलासा मागवला गेला तो माझ्याकडून. वेतनवाढही माझीच अडली. यादीतील ती ओळ मात्र मी नोकरी सोडेपर्यंत कोणी बदलली नाही.

म्हणून पत्र कोणत्या देशातून आले आहे, हे आधी पाहावे. ‘आंत्रे’ म्हणजे फ्रान्समध्ये आणि ऑस्ट्रेलियात आरंभीचा पदार्थ, पण अमेरिकेत मुख्य जेवण. ‘क्वाइट गुड’ हे अमेरिकन माणसाकडून कौतुक असते. इंग्रजाने लिहिले, तर बहुधा ‘ठीक होते’ इतकेच, तेव्हा तो अभिप्राय भिंतीवर लावण्याची घाई करू नये. ‘आर. एस. व्ही. पी.’ हे ‘कृपया उत्तर कळवावे’ या अर्थाच्या फ्रेंच वाक्याचे लघुरूप, म्हणजे त्यात ‘कृपया’ आधीच आलेले आहे. त्यापुढे ‘प्लीज’ जोडण्याची आपल्याकडील लग्नपत्रिकांची सवय मला खटकते, पण त्याने कोणाचे नुकसान होत नाही.

मी भाषातज्ज्ञ नाही, आणि माझा अनुभव हॉटेलापुरताच आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे की, हे वाक्प्रचार समजण्यापुरते शिकावेत; स्वतःच्या पत्रात साधे इंग्रजीच लिहावे. करारातील ‘फोर्स मेज्योर’ म्हणजे आवाक्याबाहेरील आपत्ती, हे खरे असले, तरी त्यात कोणती आपत्ती धरायची हे त्या कलमाच्या शब्दांवर ठरते. तिथे कोश बाजूला ठेवून वकिलाला विचारावे. आणि पाहुण्याला परत विचारायला वरिष्ठांनी मनाई केली, तर ती मनाई ईमेलवर मागून घ्यावी व त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी.