हॉलवर येणारा ‘सरकारमान्य’ माणूस लग्न लावू शकतो का?

प्रश्न : मी हिंदू आहे, माझा होणारा नवरा मुस्लिम. दोघंही पुण्यात राहतो, दोन्ही घरांतून होकार आहे. दोन महिन्यांनी अलिबागजवळ एका रिसॉर्टवर लग्न ठरलंय. कुठल्याच धर्माचे विधी नकोत, म्हणून एका इव्हेंटवाल्याला काम दिलं. ‘सरकारमान्य विवाह अधिकारी’ तिथे येईल आणि सर्टिफिकेट त्याच दिवशी हातात मिळेल, असं त्याने कबूल केलं. निम्मे पैसे दिल्यावर कळलं, की येणारा माणूस नोटरी आहे. विचारलं तर म्हणतो, ‘नोटिशीच्या भानगडीत कशाला पडता, सगळे असंच करतात.’ हे लग्न कायद्याने ग्राह्य धरलं जाईल का? अलिबागला माझी मावशी राहते. तिचा पत्ता देऊन काही करता येईल का?

उत्तर : ताई, हे लग्न कायद्याने ग्राह्य नाही. पण तुम्ही वेळेत विचारलंत, त्यामुळे तारीख बदलायची गरज पडणार नाही.

आपापला धर्म न बदलता तुम्हा दोघांना लग्न करायचं असेल, तर त्यासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. या कायद्याखालचा विवाह अधिकारी राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून नेमतं, तोही ठरावीक क्षेत्रापुरता. त्याला कोणी पैसे देऊन ‘आणू’ शकत नाही, त्याच्याकडे अर्जच करावा लागतो. नोटरीचं काम कागदपत्रं साक्षांकित करणं, प्रतिज्ञापत्र घेणं. लग्न लावण्याचा अधिकार त्याला नाही, आणि लग्नाचे करारनामे नोटरींनी करू नयेत, असं केंद्रीय कायदा मंत्रालयाने २०२४ मध्ये लेखी बजावलं आहे.

अशा कागदाचं पुढे काय होतं, ते मी पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. नवरा अचानक गेला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं मुद्रांकपत्र त्यांनी टेबलावर ठेवलं. दोघांचे फोटो, फोटोंवर अर्धा आलेला जांभळा शिक्का, खाली नोटरीची सही. ‘हे आमचं मॅरेज सर्टिफिकेट.’ सासरचे म्हणत होते, लग्न झालंच नव्हतं. अकरा वर्षांच्या संसारानंतर त्या बाईंना आपण बायको होतो, हे शाळेच्या दाखल्यांवरून आणि शेजाऱ्यांच्या साक्षींवरून सिद्ध करावं लागलं. तो शिक्का मी अजून विसरलेले नाही, म्हणूनच तुम्हाला इतकं निक्षून सांगते आहे.

आता तुमचं काय करायचं? दोघांपैकी किमान एकजण ज्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस राहिलेला आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. तुमच्या बाबतीत म्हणजे पुण्यात. मावशींचा पत्ता अजिबात देऊ नका. तुम्ही तिथे राहत नसताना राहता असं लिहून दिलंत, तर ते खोटं कथन होतं आणि खोट्या कथनावर सही करणं या कायद्याखाली गुन्हा आहे. त्यात तुमच्याबरोबर मावशीही अडकतील.

नोटीस कार्यालयात लावली जाते. त्यानंतर ३० दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतं, पण कारणं मोजकीच आहेत : आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं (मुलगा २१, मुलगी १८), संमती देता येण्यासारखी मनःस्थिती नसणं, निषिद्ध नातं. ‘आम्हाला पसंत नाही’ ही हरकत होऊच शकत नाही, तेव्हा एखाद्या काकांनी आवाज चढवला तर घाबरू नका. ही जाहीर नोटीस जोडप्यांना त्रासदायक ठरते, असं माझं स्पष्ट मत आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती ऐच्छिक मानली. तरी पुण्यात तुम्ही त्या निकालावर विसंबू नका, नोटीस द्याच. या आठवड्यात दिलीत तर दोन महिन्यांत सहज बसतं. फार आधी देऊनही चालत नाही, कारण नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

अधिकाऱ्याने कार्यालयाबाहेर येऊन लग्न लावण्याची सोय कायद्यात आहे, हे खरं. कलम १२ म्हणतं, कार्यालयात, किंवा तिथून वाजवी अंतरावर तुम्हाला हव्या त्या ठिकाणी, जादा शुल्क भरून. पण पुण्याचा अधिकारी घाट उतरून रायगड जिल्ह्यात येणार नाही. पुण्यातच हॉल असता तर मी तुम्हाला आधी हा अर्ज करा म्हटलं असतं. आता सरळ मार्ग असा : अलिबागच्या आधी, ३० दिवस पुरे झाल्यावर, पुण्यात कार्यालयात लग्न लावून घ्या. रिसॉर्टवर मग मनासारखा सोहळा करा. सूत्रसंचालन त्याच नोटरी गृहस्थांनी केलं तरी हरकत नाही, फक्त सर्टिफिकेट देण्याची भाषा त्यांनी करू नये.

कार्यालयातला भाग कोरडा असेल, असं समजू नका. तिथे तुम्हा दोघांना आणि तीन साक्षीदारांना जाहीरनाम्यावर सही करावी लागते. मग अधिकाऱ्यासमोर एकमेकांकडे पाहून म्हणावं लागतं : ‘मी तुमचा कायदेशीर पती म्हणून स्वीकार करते’, ‘मी तुमचा कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकार करतो’. दोघांना समजणाऱ्या कुठल्याही भाषेत. हे वाक्य उच्चारल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. रांगेत उभं राहून, पंख्याच्या आवाजात ते म्हणताना मी भल्याभल्यांचे आवाज कापरे झालेले पाहिले आहेत. तेव्हा तिन्ही साक्षीदार तुमची जवळची माणसं असू द्या, ओळखपत्रं घेऊन वेळेत येणारी.

‘आधी अलिबागला सोहळा, नोंदणी नंतर बघू’ हा विचार मनात आला, तर तो बाजूला ठेवा. इतर पद्धतीने झालेल्या लग्नाची नोंदणी कलम १५ खाली होते, पण तिथेही ३० दिवसांची मुदत आहे आणि नोंदणीच्या दिवशी दोघांची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात. मधल्या काळात काही बरंवाईट झालं तर हातात काहीच नसतं.

पैशांचं. इव्हेंटवाल्याने ‘सरकारमान्य अधिकारी’ असं लिहिलेले मेसेज, पावती आणि जाहिरात जपून ठेवा, काहीही डिलीट करू नका. सजावट, जेवण वगैरे काम ठीक असेल तर सगळा करार मोडायची गरज नाही. अधिकारी आणि सर्टिफिकेट यासाठी जी रक्कम लावली, तेवढी लेखी मागा. दिली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, दोन वर्षांच्या आत. फोनवर वाद घालू नका, मेलवर लिहा.

आणखी एक गोष्ट घरच्यांशी आधीच बोलून ठेवा : या कायद्याखाली तुमचं लग्न झालं, की वारसाहक्काला भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि एकत्र हिंदू कुटुंबातून तुम्ही कायद्याने विभक्त झालात असं मानलं जातं. वडिलोपार्जित जमीन असेल तर कागद दाखवून स्वतंत्र सल्ला घ्या.

कार्यालयात प्रमाणपत्राच्या पुस्तकावर सही करण्याआधी दोघांची नावं, आडनावं आणि जन्मतारखा आधार आणि पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. घाईत एखादी वेलांटी चुकली, तर दुरुस्तीसाठी नंतर फार खेटे घालावे लागतात.