खालची एक दाढ काढली आहे, शेजारचे दात चांगले आहेत. इम्प्लांट करू की ब्रिज?

शेजारचे दोन्ही दात खरंच धडधाकट असतील, तर इम्प्लांट करा. ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांवरच्या कॅपना जोडलेला मधला दात; तो बसवायचा म्हणजे त्या दोन्ही दातांना चहूबाजूंनी घासून बारीक करावं लागतं आणि घासलेलं इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) परत येत नाही. पुढे त्यातल्या एकाला कॅपखाली कीड लागली, की बहुतेक वेळा अख्खा ब्रिज कापून काढावा लागतो. दंतवैद्य म्हणून अशा तक्रारी घेऊन येणारे रुग्ण मी नेहमी बघतो. शिवाय ब्रिजखालचं हाड हळूहळू झिजत जातं; इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू हाडातच रुजतो, त्यामुळे ते बरंचसं टिकतं. खर्च जास्त आणि दात पूर्ण व्हायला साधारण ३ ते ६ महिने, एवढी तयारी ठेवा. ब्रिज दोन-तीन आठवड्यांत होतो.

मात्र शेजारच्या दातांचं रूट कॅनाल झालं असेल आणि त्यांना तशीही कॅप लागणार असेल, तर ब्रिजच व्यवहारी. मधुमेह आटोक्यात नसेल, तंबाखू-सिगारेट चालू असेल किंवा हाडांच्या ठिसूळपणासाठी झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन घेत असाल, तर ते आधी डॉक्टरांना सांगा. खालच्या जबड्यात नस जवळ असते, म्हणून इम्प्लांटआधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) टाळू नका.