वाचकांचे प्रश्न : लाईट गेली की ‘ऑलरेडी लॉग्ड इन’

प्रश्न : मी कळव्यात एका लोकल ब्रॉडबँडवाल्याकडे काम करतो. सर्व्हर फ्री-रेडिअसचा आहे, म्हणजे गिऱ्हाईकांचं लॉगिन तपासणारं सॉफ्टवेअर. पावसात लाईट जाऊन परत आली की फोनवर फोन सुरू, नेट लागत नाही म्हणून, आणि लॉगमध्ये बघावं तर युजर आधीच लॉग्ड इन दिसतो. मग मी डेटाबेसमधून त्या रो (नोंदी) हाताने डिलीट करतो. मला खरंतर या सॉफ्टवेअरच्या डेव्हलपमेंटमध्येच काम करायचंय, पण सी कॉलेजात शिकलो तेवढंच. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, कळवा

उत्तर : आधी एक हात जोडून विनंती, त्या रो डिलीट करू नका. गिऱ्हाईकाने किती वापरलं याचा तुमच्याकडचा तोच पुरावा आहे, उद्या बिलावरून वाद झाला तर दाखवणार काय?

आता हे होतं कसं ते बघा. रेडिअस म्हणजे लॉगिनची आणि वापराची माहिती सर्व्हरकडे पोचवायची ठरलेली पद्धत (प्रोटोकॉल), त्याची कामं तीन, हा माणूस कोण, याला काय द्यायचं आणि याने किती वापरलं. पहिली दोन एकाच फेरीत उरकतात, पोर्ट १८१२ वर रिक्वेस्ट जाते आणि ॲक्सेप्ट किंवा रिजेक्ट येतं. हिशोब मात्र वेगळा, १८१३ वर, सेशन चालू झालं की स्टार्ट, मधेमधे इंटरिम अपडेट, संपलं की स्टॉप. नुसती गिऱ्हाईकाच्या घरची लाईट गेली तर तुमचा नॅस (गिऱ्हाईकांना नेटला जोडणारा तुमच्याकडचा बॉक्स) थोड्या वेळात ओळखतो आणि स्टॉप पाठवतो, पण कळव्यात जाते तेव्हा अख्ख्या एरियाची जाते, यूपीएस बसला की नॅसच बंद, मग स्टॉप पाठवणार कोण? परत चालू झाल्यावर नॅसने ‘अकाउंटिंग-ऑन’ (मी नव्याने चालू झालो) पाठवायला हवं म्हणजे सर्व्हर त्याची जुनी सेशन बंद करतो, पण काही बॉक्स ते पाठवतच नाहीत, आणि कधी पाठवलेलं त्या गडबडीत पोचत नाही. मग टेबलमध्ये स्टॉप टाइम रिकामा राहतो, आणि एका वेळी एकच लॉगिन ही तुमची अट त्या रिकाम्या रो मोजूनच ठरते. म्हणून रो उडवायची नाही, शेवटचं अपडेट ज्या वेळेला आलं तीच स्टॉपची वेळ टाकून बंद करायची. इंटरिम चालू नसेल तर आजच चालू करा, दहा मिनिटांचं ठेवा, रेडिअसच्या नियमांचा दस्तऐवज आरएफसी २८६९ सुद्धा त्याहून कमी नको म्हणतो. आणि चेकरॅड म्हणून स्क्रिप्ट सोबतच येते, ती नॅसलाच विचारते की बाबा हा युजर खरंच आत आहे का.

तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. हा प्रोजेक्ट १९९९ पासून चालू आहे, ॲलन डीकॉक आणि मिकेल व्हॅन स्मूरेनबर्ग यांनी सुरू केला, लायसन्स जीपीएल (म्हणजे कोड कुणीही वाचावा, बदलावा), कोड बहुतेक सीमध्ये. पण कोड लिहिणारे जिथे अडतात ती गोष्ट तुमच्याकडे रोज घडते, खरा नॅस, खरा पाऊस, खरे फोन. घरच्या लॅपटॉपवर सर्व्हर टाका, रेडक्लायंटने (नॅसचं सोंग घेऊन सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारं सोबतचं साधन) स्टार्ट पाठवा, स्टॉप पाठवू नका, आणि त्याच नावाने परत लॉगिन करा. सर्व्हर कॅपिटल एक्स (-X) लावून डीबगमध्ये, म्हणजे प्रत्येक पाऊल लिहून दाखवत, चालवा आणि आलेली प्रत्येक ओळ वाचा, घाई न करता, कारण तो काय शोधतोय, कुठल्या मॉड्यूलमध्ये गेला, का नाही म्हणाला सगळं तिथे लिहिलेलं असतं. कॉन्फिग गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) ठेवा, एका वेळी एकच बदल, टेस्ट, मग पुढचा. मला स्वतःला सी वाचता यायला लागलं ते याच डीबगमधली वाक्यं कोडमध्ये शोधून शोधून, पुस्तकातून नाही.

एक उदाहरण देतो. नौपाड्यात मी असंच काम करायचो तेव्हा एका काकांचं १० जीबीचं सेशन रिपोर्टमध्ये २ जीबी दिसायचं. डाउनलोड ज्या खान्यात येतं ते आउटपुट-ऑक्टेट्स (हो, आउटपुट, कारण नावं नॅसच्या बाजूने ठेवलीत, इथे सगळेच फसतात) ३२ बिटांचं आहे, ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की परत शून्यापासून. किती वेळा शून्यावर आलं ते गिगावर्ड्स नावाच्या वेगळ्या खान्यात येतं, आमच्या रिपोर्टवाल्या स्क्रिप्टने ते धरलंच नव्हतं. काकांच्या सेशनमध्ये तिथे २ होते, म्हणजे चार-चार जीबीचे दोन फेरे, आठ अधिक दोन. दोन ओळींची दुरुस्ती होती पण ती सापडायला तीन रात्री गेल्या.

असं काही सापडलं की व्हर्जन, पूर्ण डीबग आणि तुम्हाला काय अपेक्षित होतं हे लिहून प्रोजेक्टकडे रिपोर्ट टाका, फक्त डीबगमध्ये गिऱ्हाईकांचे पासवर्ड उघडे दिसतात, ते आधी पुसा. डॉक्युमेंटेशनमध्ये एक परिच्छेद दुरुस्त केलात तरी ते डेव्हलपमेंटच आहे.

प्रश्न : रेडिअस सोडून डायमीटर शिकू का? — एक विद्यार्थिनी, घणसोली

उत्तर : डायमीटर हा रेडिअसच्याच कामाचा, त्याच्यानंतरचा प्रोटोकॉल. ४जीच्या टेलिकॉम कोअरमध्ये जायचं असेल तर हो. वायफाय, ब्रॉडबँड, कॉलेजची नेटवर्क यात रेडिअसच आहे, आधी ते पक्कं करा.

प्रश्न : आमच्या ऑफिसात शेअर्ड सिक्रेट (नॅस आणि रेडिअस सर्व्हरमधला गुप्त शब्द) अजून ‘टेस्टिंग१२३’ आहे. आतलं नेटवर्क आहे, चालेल ना? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही चालणार. ते नमुन्याचं सिक्रेट आहे, जगाला माहीत आहे. प्रत्येक नॅसला वेगळं आणि लांबलचक सिक्रेट द्या. पण तेवढ्यावर थांबू नका, जुलै २०२४ मध्ये ब्लास्ट-रेडिअस नावाचा हल्ला बाहेर आला, त्यात सिक्रेट माहीत नसतानाही मधे बसलेला माणूस एमडी५ या संदेशाचा ठसा काढायच्या जुन्या पद्धतीच्या कमजोरीमुळे रिजेक्टचं ॲक्सेप्ट करू शकतो. ईएपी (ऑफिसच्या वायफायचं लॉगिन सहसा यावर असतं) वापरत असाल तर त्यातून वाचलात, साधं पॅप (नुसतं नाव-पासवर्डाचं लॉगिन) असेल तर सर्व्हर ३.२.५ किंवा पुढचा घ्या, नॅसचं फर्मवेअरही अपडेट करा, आणि मेसेज-ऑथेंटिकेटर (संदेशात मधे फेरफार झाला नाही याची खूण) सक्तीचं करा. आधी एकाच नॅसवर करून बघा, जुना बॉक्स तो पाठवत नसेल तर त्याच्यामागच्या कुणालाच नव्याने लॉगिन करता येणार नाही.