नाव इराणचं, गाव चीनचं

प्रश्न : परवा रविवार कारंजावरून पीच आणले. फळवाला म्हणाला, "ताई, हिमाचलचा माल, तिकडं याला आडू म्हणतात." शेजारचे काका ठासून सांगतात की फळ इराणचं. खरं काय? आणि कोय लावली तर नाशकात झाड येईल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : फळवाल्याचं बरोबर. काकांची मात्र नावानं फसगत केली, आणि तशी ती भल्याभल्यांची केली आहे. रोमन लोकांना हे फळ इराणमार्गे मिळालं, म्हणून त्यांनी त्याला 'पर्सिकम', म्हणजे पर्शियाचं, म्हटलं. तेच फ्रेंचांच्या तोंडी झिजत इंग्रजीत 'पीच' झालं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1753 मध्ये शास्त्रीय नाव देतानाही 'पर्सिका'च ठेवलं. गंमत म्हणजे आजचा इराणी माणूस त्याला 'होलू' म्हणतो!

मूळ गाव चीन. तिथल्या झेजियांग प्रांतात उत्खननात सापडलेल्या पीचच्या कोयी सुमारे 8000 वर्षं जुन्या आहेत. आपल्याकडे हे ठाऊक होतं, याची साक्ष चिनी प्रवासी ह्युएनत्संग देतो. सातव्या शतकात पंजाबातल्या चीनभुक्तीत त्यानं ऐकलं, की कुशाण राजा कनिष्काकडे ओलीस राहिलेल्या चिनी मंडळींनी इथं पीच आणि नासपती पहिल्यांदा लावली. म्हणून लोक पीचला 'चीनानी' आणि नासपतीला 'चीनराजपुत्र' म्हणत. ओलिसांची गोष्ट ऐकीव असेल, पण नावं पत्ता अचूक सांगतात. ती टिकली असती तर काकांशी वाद झालाच नसता. (हाच ह्युएनत्संग पुढं महाराष्ट्रातही आला. त्यानं वर्णिलेली इथली राजधानी म्हणजे नाशिक, असं काही अभ्यासक मानतात. आपण नाशिककर ते लगेच मान्य करतो.)

आता कोय. ती खोल सुरकुत्यांची, दगडासारखी टणक. फोडलीत तर आत बदामासारखी बी निघेल. दोन्ही झाडं जवळची नातलग, लिनियसनं तर पीचला बदामाच्याच कुळात घातलं होतं. बी चाखू मात्र नका, तिच्यातून सायनाइड तयार होतं.

कोय रुजेलही, पण झाड आईसारखं निघेल याची खात्री नाही. खरी अडचण थंडीची. पानगळीनंतर फांदीवरचे डोळे (अंकुर) नीट फुटायला पीचला 7 अंशांखालची थंडी लागते, आणि हिमाचली जातींना ती शेकडो तास लागते. निफाडला एखाद्या पहाटे पारा 5 अंशांखाली उतरतो, पण दुपारी पुन्हा ऊन. तेवढ्यानं भागत नाही. द्राक्षवाले छाटणीनंतर डोळ्यांना फूट आणणाऱ्या औषधाची पेस्ट लावून फूट काढतात. घरच्या एका झाडासाठी त्या विषारी औषधाच्या नादी लागू नका. हौसच असेल तर फ्लोरडाप्रिन्ससारख्या कमी थंडीच्या जातीचं कलम आणा आणि निचऱ्याच्या जागी लावा. काळ्या जमिनीत पावसाचं पाणी मुळाशी तुंबलं की पीचचं झाड मरतंच.