लुशान दोन दिवसांत: बौद्ध मठ आणि चू शीचं विद्यालय दोन्ही जमेल का?

लुशान हा चीनच्या जिआंगशी प्रांतातला पर्वत. दोन्ही जमतं, पण चढायचं एका बाजूने आणि उतरायचं दुसऱ्या. बहुतेक जण माथ्यावरच्या गुलिंग गावात दोन रात्रींचं हॉटेल घेतात आणि तिथेच फसतात. दोंगलिन मठ वायव्येच्या पायथ्याशी आहे, बाराव्या शतकातला कन्फ्यूशियन विचारवंत चू शी याचं बायलुदोंग विद्यालय आग्नेयेच्या. माथ्यावर फिरणाऱ्या बसेस या दोन्ही ठिकाणी जात नाहीत.

पहिल्या दिवशी जवळच्या जिऊजियांग शहरातून टॅक्सीने थेट दोंगलिन गाठा. हुइयुआन या भिक्षूने चौथ्या शतकाच्या अखेरीस हा मठ उभारला. त्याच्याच बोलावण्यावरून काश्मीरचा संघदेव इथे आला आणि 391 मध्ये त्याने अभिधर्माचा, म्हणजे बौद्ध तत्त्वचर्चेचा ग्रंथ चिनीत उतरवला. आपल्याकडच्या माणसाने लुशानवर एवढ्यासाठी तरी यावं. शेजारच्या शिलिन मठाचा सातमजली विटांचा मनोराही बघून घ्या. मग केबल कारने गुलिंग. वारा जोराचा असला की ती बंद ठेवतात, तेव्हा घाटातली बस.

दुसऱ्या दिवशी सामान पाठीवर घेऊनच निघा, कारण गुलिंगला परतायचं नाही. सानदिएच्युआन हा 155 मीटरचा तीन टप्प्यांचा धबधबा. तिथवर हजाराहून जास्त पायऱ्या उतराव्या लागतात, गुडघे बोलायला लागतात. लोक पुन्हा चढून वर येतात. तुम्ही खालच्या, पूर्वेकडच्या दाराने बाहेर पडा. तिथून बायलुदोंगला गाडीने जायला फार वेळ लागत नाही. त्याच दिवशी वुलाओ शिखरं धरलीत तर विद्यालय हुकलंच समजा. चारच्या आत पोचा.

बायलुदोंग म्हणजे ‘पांढऱ्या हरणाची गुहा’, पण तिथे गुहा शोधू नका. नैसर्गिक गुहा नाहीच. दगडी कमानीतली खोबण आणि आतलं दगडी हरीण मिंग काळातलं. बघायचे ते शिलालेख. चू शीने 1179 नंतर पडीक विद्यालय पुन्हा उभं केलं, नियम घालून दिले आणि 1181 मध्ये चक्क आपला वैचारिक विरोधक लू जिऊयुआन याला व्याख्यानाला बोलावलं. विषय होता नीती आणि लाभ. ते व्याख्यान चू शीला इतकं पटलं की त्याने ते दगडावर कोरून घेतलं. आजच्या इमारती मात्र बऱ्याच नंतरच्या.

वर्षातले 190च्या आसपास दिवस माथ्यावर धुकं असतं, वसंतात सर्वात जास्त. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा बरा. पहिला आठवडा चीनच्या राष्ट्रीय सुट्टीचा, तेव्हा जाऊच नका. आणि पासपोर्ट जवळ ठेवा, तिकीट त्यावरच मिळतं.