गो खेळात १५ क्यूला अडकलायस ना, मग जोसेकी बाजूला ठेव

अरे गोमध्ये (पटावर काळे-पांढरे स्टोन ठेवायचा खेळ) दोन महिने एकाच रँकला अडकणं काही विशेष नाही (क्यू म्हणजे शिकणाऱ्यांची रँक, आकडा जितका कमी तितका खेळाडू वरचा), मीपण अडकलेलो, पण तू म्हणतोस तसं जोसेकी, म्हणजे कोपऱ्यातल्या ठरलेल्या चाली, पाठ करून ते सुटणार नाही. समोरच्याने पुस्तकाबाहेरची चाल खेळली की संपलं, ती चाल का वाईट हे आपल्याला ठाऊकच नसतं. त्यापेक्षा रोज १०-१५ सोपे त्सुमेगो (स्टोनचा गट जगवायची-मारायची कोडी) सोडव, आणि पूर्ण उत्तर डोक्यात वाचल्याशिवाय हात लावायचा नाही. वेढलेल्या गटाच्या आत सरळ रेषेत तीनच रिकाम्या जागा दिसल्या की मधली पहिल्यांदा कोण घेतो त्यावर गट जगणार की मरणार, हे बघताक्षणी दिसायला हवं.

लॅडर, म्हणजे समोरच्याच्या स्टोनला पकडायची धमकी देत जिन्यासारखं तिरकं पळवणं, ती तर शेवटपर्यंत वाचच. मागच्या स्पर्धेत मी लॅडर सुरू केली आणि पार समोरच्या कोपऱ्यात त्याचा एक पांढरा स्टोन होता तो बघितलाच नाही, लॅडर तिथे जाऊन फुटली, मग माझ्या काळ्यांमध्ये जिकडेतिकडे डबल अटारी (एकाच चालीत दोन ठिकाणी पकडायची धमकी), डाव तिथेच गेला. अजून डोळ्यासमोर येतो तो स्टोन.

हरलेला डाव त्याच दिवशी बघ, आधी स्वतः, मगच काटागो (गो खेळणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) लाव. तो चांगली चाल दाखवतो पण का ते सांगत नाही, म्हणून एका डावातून दोनच चुका उचल.

आणि तीन-चार क्यू वरच्यांशी हँडिकॅप (सुरुवातीलाच पटावर मिळणारे जादा स्टोन) घेऊन बिनधास्त खेळ, लाज कसली त्यात, एका रँकला एक स्टोन हा हिशोबच आहे. घरी ३० सेकंदांच्या ब्योयोमीवर (मुख्य वेळ संपल्यावर दर चालीला मिळणारा ठरलेला वेळ) खेळायची सवय कर, स्पर्धेत पहिल्यांदा ते काउंटडाउन ऐकलं की हात थरथरतो.